लेबल गेलेली रेकॉर्ड

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमच्या खालच्या खोलीत शिरलं, तेव्हा आम्ही सिलिंडर, गाद्या, आईचे देव आणि लेकीची पुस्तकं माडीवर नेली. आबांची पेटी खालीच राहिली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी पन्नाशीच्याही वर गेलं. पेटी सागवानी, भरलेली असली की चार माणसांशिवाय हलत नाही. ती पहिल्या रात्रीच बुडाली आणि पाच दिवस पाण्यात राहिली.

पेटीत रेकॉर्डी होत्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगानं फिरणाऱ्या, दहा इंची, काळ्या, जड. मोजल्या तेव्हा २१२ भरल्या.

आबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, गणपती, गावची जत्रा, जे असेल ते. सायकलच्या कॅरिअरला ॲम्प्लिफायर, पाठीवर कर्णा आणि पुढं दांडीवर रेकॉर्डीची लहान पेटी, असे ते करवीर, पन्हाळा, पार शाहूवाडीपर्यंत जायचे. मी सात-आठ वर्षांचा झाल्यावर कर्णा माझ्याकडं आला. गावात पोचलं की आधी उंच झाड बघायचं, कर्णा वर बांधायचा आणि तोंड वाऱ्याच्या दिशेनं करायचं, म्हणजे आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जातो. पहाटे सनई, मग भूपाळ्या, आणि उन्हं वर आली की हिंदी गाणी. सासरी निघताना 'नीलकमल'मधलं रफीसाहेबांचं 'बाबुल की दुआएँ' लागायचं. तेवढ्या एका गाण्याला आबा आवाजाचं बटण डावीकडं फिरवायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आईला पोरीशी बोलायचं असतंय. तिच्या बोलण्यावर आपला कर्णा नको."

घरी मात्र सकाळी साडेसातला रेडिओ सिलोन. जुन्या चित्रपटांतल्या गाण्यांचा अर्धा तास, आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलांचं. सैगल संपले की आबा चप्पल घालायचे. आमच्या घरात घड्याळाचं काम सैगल करत होते.

पूर ओसरल्यावर पेटी उघडली. वरच्या थरावर दोन बोटं गाळ. कागदी पाकिटांचा लगदा झालेला. रेकॉर्डी एकमेकींना चिकटलेल्या. मधली गोल लेबलं, ज्यांवर सिनेमाचं नाव, गाण्याची ओळ, गाणाऱ्याचं नाव असतं, ती बहुतेकींची सुटून निघाली होती. काही लेबलं गाळात अखंड सापडली. पण कुठलं कुठल्या रेकॉर्डचं, हे कसं कळणार?

भंगारवाला गल्लीत आलाच होता. पूर गेल्यावर ते येतातच. त्यानं पेटीचा लाकूड म्हणून भाव केला आणि रेकॉर्डी फुकट न्यायची तयारी दाखवली. आई जिन्यावर बसली होती. तिनं नुसती मान हलवली, आणि विषय तिथंच संपला.

मी टर्नर. छत्तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढली. त्यामुळं रेकॉर्ड हातात घेतली की मला आधी गाणं दिसत नाही, आटे दिसतात. बोल्टाला असतात तसेच हे आटे, फक्त सपाट ताटलीवर. इंचाला साधारण शंभर. बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत एकच सलग चर असतो, कुठं तुटत नाही. मूळ रेकॉर्ड ज्या यंत्रावर कापायचे त्यालाही लेथच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. सुई पुढं सरकते, चर डावी-उजवीकडं बारीक लचकतो, आणि त्या लचकण्यात लताबाईंचा श्वास असतो. ही गोष्ट मला अजूनही पूर्ण पचलेली नाही.

एका स्नेह्यानं सांगितलं, स्पिरिटनं पुसा, लख्ख होतील. बरं झालं, हात लावण्याआधी मी थोडी चौकशी केली. या जुन्या रेकॉर्डी प्लॅस्टिकच्या नसतात. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून दाबलेल्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराचं पॉलिश तेच तर असतं. मी स्पिरिट लावलं असतं तर साठ वर्षांची गाणी फडक्यावर आली असती. साधं कोमट पाणी, दोन थेंब साबण, दाढीचा मऊ ब्रश, आणि चराच्या दिशेनंच हात फिरवायचा. मग ताटाळ्यात ताटं लावतात तशा उभ्या करून सावलीत वाळवायच्या. दिवसाला दहा-बारा व्हायच्या. तडे गेलेल्या आणि फुटलेल्या ३८ निघाल्या. बाकीच्या वाचल्या. चार-पाच दिवसांच्या पाण्यानं लाखेला फारसं काही झालं नव्हतं.

पण नावं गेली होती. आतल्या बाजूला चर संपतो तिथं गुळगुळीत पट्टा असतो, त्यात कारखान्याचा नंबर दाबलेला असतो. तो मी भिंगातून वाचून वहीत उतरवत होतो. नुसत्या नंबरावरून मला गाणं कळत नाही. ते लावूनच बघायला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, लावलं की गाणं कळतंच. मलाही तसंच वाटायचं. पहिल्या रविवारी प्लेअर जोडला, एक रेकॉर्ड ठेवली, वाद्यं सुरू झाली, आणि मी शब्दांची वाट बघत बसलो. इतक्यात खिडकीतून आवाज आला, "आरं, 'आवारा' हाय की त्यो!"

खिडकीत नाना होते. आमच्या गल्लीच्या तोंडाला राहतात. चाळीस वर्षं ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. आता ऐंशीच्या घरात आहेत आणि सकाळी गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पिऊन येतात. लताबाईंचा आवाज यायला अजून अवकाश होता, आणि नानांनी सुरुवातीच्या चार मात्रांवर गाणं सांगितलं होतं. 'घर आया मेरा परदेसी'.

"नाना, एवढ्यावरनं कसं कळलं?"

"बँडला शब्द कुठं असत्यात? शब्द माणसं मनात म्हनत्यात. आमी पीस वाजवायचा. पीस चुकला की वरातीतली पोरं थांबत्यात."

पीस म्हणजे गाण्याच्या सुरुवातीचं आणि दोन कडव्यांच्या मधलं संगीत. बँडवाल्यांचा शब्द तोच. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ही गाणी जन्मभर ऐकली खरी, पण फक्त गाणाऱ्याचा आवाज ऐकला. पीस आला की मी आबांना पुढची रेकॉर्ड पुसून द्यायचो. मला तो वेळ कामाचा वाटायचा.

नाना आत आले, बसले, आणि म्हणाले, "परत लाव. मधला पीस ईल तवा आवाज वाढीव." मधला पीस आला. तिथं एक बारीक 'टक्' असा आवाज झाला, पुढच्या फेऱ्यांना पुन्हा टक्, टक्. नाना एकदम सरळ बसले.

"ही खरड माजी हाय."

गोष्ट अशी होती. नव्या सिनेमाचं गाणं लग्नसराईच्या आत बसवायचं तर बँडला ते शिकायला पाहिजे. नाना आणि त्यांचे मास्तर एकच सिनेमा तीन-तीनदा बघायचे, गाणं आलं की अंधारात सरगम लिहायची. तरी पिसातल्या काही जागा निसटायच्या. मग नाना रात्री आबांकडं यायचे. आबा रेकॉर्ड लावायचे आणि नाना म्हणायचे, "तेवढाच पीस परत." सुई उचलायची, अंदाजानं मागं ठेवायची, पुन्हा उचलायची. आबांना ते जिवावर यायचं. एक पिन, एक बाजू, असा त्यांचा नियम होता. बाजू संपली की पोलादी पिन टाकून नवी लावायची, कारण बोथट पिन चर खाते. पण नानांना त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. सुई पुन्हा पुन्हा पडून त्या जागी ओरखडा आला. लेबल वाहून गेलं, ओरखडा राहिला, आणि त्या ओरखड्यावरून वाजवणाऱ्यानं रेकॉर्ड ओळखली.

त्या गाण्यातली ढोलक लाला गंगावणे यांची. तमाशाच्या फडातला हात. १९५१ च्या त्या सिनेमात एवढा थोरला वाद्यवृंद आहे, ढगांत तरंगणारे जिने आहेत, आणि मधोमध ही ढोलक कडाडते. आपल्या मातीतला माणूस, नाव लेबलावर कधीच नव्हतं. शंकर-जयकिशन यांचं नाव सगळ्यांना माहीत. त्यांच्यासाठी वाद्यांची मांडणी लिहून काढणारे गोव्याचे सॅबॅस्टियन डिसूझा किती जणांना माहीत आहेत? ताल सांभाळणारे दत्ताराम? त्यांचा ठेका वादकांमध्ये आजही दत्ताराम ठेका म्हणूनच ओळखला जातो, पण ऐकणाऱ्याला तो जयकिशनचा वाटतो.

त्या दिवसापासून आमचा रविवार ठरला. सकाळी नाना यायचे, बायको चहा टाकायची, मी सुई ठेवायचो. नानांचा नियम एकच, गाणारा तोंड उघडायच्या आत ओळखायचं. ओ. पी. नय्यर यांची गाणी ते टांग्याच्या टापांवरून सांगायचे. मदनमोहन यांची त्यांना ओळखायला अवघड जायची, कारण म्हणे ती बँडवर कधी कुणी मागितलीच नाहीत. वरातीत कोण 'यूँ हसरतों के दाग' सांगणार? ते गाणं आईनं ओळखलं. आतल्या खोलीतून, भाजी निवडता निवडता. तिला हसरत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. रेडिओवर गीतकार म्हणून हसरत जयपुरींचं नाव सारखं यायचं, त्यामुळं त्या माणसाचंच काही दुःख या गाण्यात आहे, अशी तिची समजूत होती. गाणं लिहिलेलं राजेंद्र कृष्ण यांनी. मी तिला अर्थ सांगितला: अपुरी राहिलेली इच्छा. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग मला बरोबरच कळलं होतं."

लेबल नेहमी खरंच बोलतं असंही नाही. 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' १९४९ मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असं होतं. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारत होते, ही कोण गाते? जिनं गायलं ती त्याच्या काही वर्षं आधी आमच्या या गावात राहत होती. मास्टर विनायकांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'मध्ये मिळतील ती लहान कामं करत होती, वडील नसलेल्या घराचा भार वाहत होती. आणि ज्यांनी ती चाल बांधली ते खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले. माझ्याकडं ती रेकॉर्ड आहे, नंतरच्या छपाईची असावी. आता तिच्यावर कुठलंच नाव नाही. मी डोळे मिटून लावतो. सुरुवातीला तालाशिवायचे ते शब्द, लांबून जवळ येणारा तो आवाज. वीस वर्षांची मुलगी गाते आहे, एवढंच कळतं, आणि एवढं मला पुरतं.

हिंदी गाणी म्हटलं की सगळे मुंबईकडं बोट दाखवतात, ते मला पटत नाही. १९३२ मध्ये 'प्रभात'नं 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरातच काढला, मराठीत आणि हिंदीतही. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, हरिश्चंद्रही तेच. म्हणजे हिंदी बोलपट जेमतेम वर्षाचा होता तेव्हा त्याची गाणी आमच्या गावात, बाजाच्या पेटीवर बोट फिरवणाऱ्या आमच्या माणसानं बांधली. सुधीर फडके इथं जन्मले. 'भाभी की चूड़ियाँ'मधलं 'ज्योति कलश छलके' त्यांचं, १९६१ चं. ते भूप की देसकार यावर नाना आणि माझे मेहुणे दोन रविवार भांडले. सूर तेच पाच, पण वजन कुठं द्यायचं यावर राग बदलतो. मेहुणे देवल क्लबात मैफली ऐकून कान घडवलेले, ते देसकारवर अडून. नाना म्हणाले, "आमी वाजवतू तवा पाटं पाच वाजल्यागत वाटतं का न्हाई? झालं तर मग." माझं मत मेहुण्यांच्या बाजूला आहे, पण पहाटेबद्दल नाना बरोबर आहेत.

एक गोष्ट मला खरोखर लागते. मधल्या काळात कॅसेटवर हीच गाणी 'झंकार' म्हणून निघाली. मूळ गाण्यावर वरून ड्रमचा ठोका चढवलेला. एसटीत, रिक्षात, लग्नाच्या मांडवात तेच. आबांनी अशी एक कॅसेट ऐकली आणि अर्ध्यात बंद केली. तेव्हा मला त्यांचा राग जुन्या माणसाचा वाटला होता. आज कळतं, त्या ठोक्याखाली कुणाची तरी ढोलक गाडली गेली होती. साडेतीन मिनिटांच्या चरात माणसं दाटीवाटीनं बसवलेली. प्रत्येकाच्या वाट्याला चार मात्रा, आठ मात्रा. त्यातलंही काढून घ्यायचं म्हणजे काय राहिलं त्याच्याकडं?

वहीत आजपर्यंत १६९ रेकॉर्डींची नावं लागली आहेत. प्रत्येक नावापुढं मी कुणी ओळखलं ते लिहितो. आईच्या नावावर अकरा आहेत.

आता 'नागिन'ची गोष्ट. आबांनी सगळ्यांत जास्त वाजवलेली रेकॉर्ड हीच असणार. १९५४ चा सिनेमा, संगीत हेमंतकुमार यांचं, आणि 'मन डोले मेरा तन डोले' लागलं नाही असं लग्न मी लहानपणी पाहिलेलं नाही. पोरं रुमाल दातात धरून धुळीत लोळायची. पुरात या रेकॉर्डच्या कडेचा तुकडा उडाला. अर्धा इंच आत गेलेला, माझ्या अंगठ्याएवढा. रेकॉर्ड बाहेरून आत वाजते, म्हणजे गेली ती सुरुवात. मी हिशोब केला. इंचाला शंभर आटे धरले तर अर्ध्या इंचात पन्नास फेरे, मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. कडेची कोरी पट्टी सोडली तरी पुंगीचा सुरुवातीचा पीस गेलाच. सुई तुकड्याच्या पुढं ठेवली की एकदम लताबाई.

नानांना मी सांगितलं, की ती पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी, पुढं कल्याणजी-आनंदजी झाले त्यांतल्या, क्लॅव्हिओलाइन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर तो सूर काढला आणि साथीला हार्मोनियमवर रवी होते. तेच रवी, ज्यांनी नंतर 'बाबुल की दुआएँ'ला चाल दिली. नाना बराच वेळ रेकॉर्डकडं बघत राहिले. "मी तवाच मास्तरला म्हनलो हुतो, पुंगीवर बोट एवढं चपळ चालायचं न्हाई."

पुढच्या रविवारी ते येताना पिशवी घेऊन आले. पिशवीत क्लॅरिनेट. सहा वर्षं उघडली नव्हती. सांध्याचा बूच वाळून सैल झालेला, त्यावर त्यांनी दोरा गुंडाळला. तोंडाकडची वेताची पट्टी तोंडात धरून भिजवत पंधरा मिनिटं बसले, एक शब्द बोलले नाहीत. पहिला सूर फाटला. दुसरा लागला.

मग रेकॉर्डचा सूर आणि त्यांचा सूर जुळेना. माझ्या प्लेअरला वेगाचा खटका आहे, तो मी केसभर मागं घेतला. नाना ऐकत होते, हातानं सांगत होते, अजून, अजून, बास. फिरत्या रेकॉर्डवर तुटक्या जागेच्या लगेच आतला आटा मी बॅटरीच्या उजेडात हेरून ठेवला होता. लेथवर टूल टेकवतात तसा हात टेबलाला टेकवला.

नानांनी डोळे मिटले आणि पीस धरला. दम पुरत नव्हता, मध्ये दोनदा तोडून श्वास घ्यावा लागला, पण जागा एकही सुटली नाही. आई दारात येऊन उभी राहिली. गल्लीतली दोन पोरं खिडकीला लटकली. नानांचा डावा पाय ताल देत होता, आणि पीस उतरणीला लागला तसा त्यांनी डोळे न उघडताच मानेनं मला खूण केली.

मी सुई सोडली.